परमतप्रभाव आणि गोव्यातील लोकमत

परमतप्रभाव : इतरांचे बोलणे, शेरे किंवा नुसती मूक संमती यांमुळे व्यक्तीच्या मतात, किंवा ते मत उघड करण्याच्या तिच्या तयारीत, होणारा बदल. गोव्याचा विचार करताना व्याख्येचा उत्तरार्ध अधिक महत्त्वाचा ठरतो. येथे समाजमाध्यमावर शेरा लिहिणारा बहुधा वाड्यावरचा, सोयरा किंवा देवस्थानातला सहमहाजन (देवस्थानाचा वंशपरंपरागत हक्कदार) असतो आणि त्याला विरोध करण्याची किंमत वादापुरती राहत नाही.

सॉलोमन ॲश यांच्या १९५० च्या दशकातील प्रयोगांत सहभागी व्यक्तीला दिलेल्या रेषेएवढी रेषा तीन रेषांतून ओळखायची होती; तिच्याआधी बोलणारे सगळे पढवलेले असून ठरावीक फेऱ्यांत एकमुखाने चुकीचे उत्तर देत. अशा फेऱ्यांतील सुमारे एकतृतीयांश उत्तरे बहुमताच्या चुकीकडे झुकली. मात्र एखाद्याने बरोबर उत्तर दिले की हे प्रमाण झपाट्याने घसरे, आणि उत्तर मोठ्याने न सांगता लिहून द्यायचे असले तरीही ते कमी होई. आपण अल्पमतात आहोत असे वाटणारे गप्प बसतात आणि त्यामुळे ते खरोखरच कमी दिसू लागतात, ही मांडणी जर्मन अभ्यासक एलिझाबेथ नोएल-नॉयमान यांनी १९७४ मध्ये केली. समाजमाध्यमांबाबत २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग उल्लेखनीय आहे : बातम्यांच्या एका संकेतस्थळावरील शेऱ्यांना संशोधकांनी यदृच्छेने एकेक अनुकूल मत देऊन ठेवले, तेव्हा त्यांचे अंतिम गुणांकन सरासरी २५ टक्क्यांनी वाढले, मुद्दाम दिलेले प्रतिकूल मत मात्र पुढच्या वाचकांनी भरून काढले.

गोव्यात मत घडण्याच्या जुन्या जागा म्हणजे तिंटो (गावचा बाजारचौक), घरापुढचे बलकांव (बसायचे ओटे), देवळाचे आवार आणि तावेर्न (दारूचे दुकान). गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की संघप्रदेश ठेवायचा, यावरच्या १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलाआधी त्यांत वृत्तपत्रांची भर पडली. पणजीचे 'गोमन्तक' विलीनीकरणाच्या बाजूने, तर मडगावचे 'राष्ट्रमत' विरोधात लिहीत होते, आणि दोन्ही दैनिके मराठी होती, हे आज अनेकांच्या लक्षात राहत नाही. गुप्त मतदानात संघप्रदेश राहण्याच्या बाजूने १,७२,१९१ आणि विलीनीकरणासाठी १,३८,१७० मते पडली. त्यानंतर अवघ्या दोन महिन्यांनी झालेल्या निवडणुकीत विलीनीकरणवादी महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षच ३० पैकी १६ जागा जिंकून पुन्हा सत्तेवर आला. नेता मान्य, पण त्याचा मुद्दा अमान्य, असा भेद मतदारांच्या एका गटाने केला, असाच याचा अर्थ लागतो.

आता तिंट्याचे काम बरेचसे व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर चालते. शनिवारी रात्री जेसीबीने कापलेल्या डोंगराचा फोटो येतो, खाली 'फाल्यां ग्रामसभेक सगळ्यांनी येयात' (उद्या ग्रामसभेला सगळ्यांनी या) असा निरोप पडतो, पाठोपाठ दोघेतिघे संतापतात, आणि पुढच्या सगळ्यांचा सूर तिथेच ठरतो. ज्याच्या भाच्याचा ट्रक त्याच कामावर आहे तो वाचतो आणि गप्प राहतो. फोटोतला डोंगर आपल्याच गावचा आहे ना, असे विचारणाराही सहसा पुढे येत नाही. रविवारी ग्रामसभेत जमलेल्यांना गाव एकमताचा वाटतो. शेऱ्याची लिपीही तटस्थ नसते : १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरी कोंकणी राजभाषा झाली व मराठीच्या शासकीय वापराची तरतूद झाली, परंतु कोंकणी की मराठी या जुन्या वादाचा अवशेष म्हणून रोमी (रोमन लिपीतील) कोंकणीत, देवनागरी कोंकणीत किंवा मराठीत लिहिणाऱ्याची बाजू मजकूर वाचण्याआधीच ठरवली जाते. ही सवय समाजमाध्यमांनी लावली नाही, फक्त सोपी केली.

याच माध्यमांमुळे एकट्या माणसाला सोबतीही मिळतो. २०२० च्या टाळेबंदीत मोले अभयारण्यातील रेल्वे दुपदरीकरण, महामार्ग रुंदीकरण आणि वीजवाहिनी यांविरुद्धची मोहीम चित्रे व चित्रफितींतून पसरली आणि नोव्हेंबरच्या आरंभी लोक चांदर येथे रात्री रुळांवर उतरले. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुपदरीकरणाला मिळालेली वन्यजीव मंडळाची मंजुरी रद्द केली.

नियंत्रणाचे उपाय मुख्यतः प्रसाराच्या वेगावर आहेत. व्हॉट्सॲपने २०१८ मध्ये भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घातली आणि २०२० मध्ये वारंवार पुढे गेलेल्या संदेशांसाठी ती एकावर आणली. ओळखीच्या माणसाने स्वतः टाइप केलेल्या शेऱ्याला यांपैकी काहीच लागू होत नाही.