लाली, काउंट द

लाली, काउंट द (१७०२–१७६६) हा फ्रेंच सेनानी इंग्रज व फ्रेंच यांच्यातील कर्नाटकच्या तिसऱ्या युद्धात हिंदुस्थानातील फ्रेंच फौजांचा सरसेनापती होता. तोमा आर्तूर हे त्याचे नाव. त्याचा जन्म फ्रान्समधील रोमां येथे झाला. वडील सर जेरार्ड लाली हे इंग्लंडच्या पदच्युत स्टुअर्ट राजघराण्याचे निष्ठावंत आयरिश सरदार असून फ्रान्सच्या लष्करातील आयरिश पलटणीत अधिकारी होते. इंग्रजांविषयीचे वैर त्याला घरातूनच मिळाले. फाँतन्वाच्या लढाईत (१७४५) गाजविलेल्या शौर्याबद्दल पंधराव्या लुईने त्याला रणांगणावरच ब्रिगेडियर केले.

एप्रिल १७५८ मध्ये तो पाँडिचेरीस उतरला तेव्हा खजिना रिकामा होता आणि तेथील कौन्सिलचे अधिकारी आपापली तुंबडी भरण्यात गुंतले होते. २ जूनला त्याने इंग्रजांचा सेंट डेव्हिडचा किल्ला घेतला. पण मद्रासवर चालून जाण्यास पैसा नव्हता. म्हणून एका जुन्या कर्जरोख्याच्या वसुलीसाठी तो तंजावरच्या प्रतापसिंह भोसल्यांवर घसरला. वाटेत किवळूरच्या देवळात पुरलेले धन असेल या समजुतीने त्याने तळी उपसून पाहिली आणि सहा ब्राह्मणांना हेर ठरवून तोफेच्या तोंडी दिले. हाती काहीच लागले नाही. दारूगोळा संपत आला, इंग्रजी आरमारामुळे कारैकल या फ्रेंच ठाण्याला धोका निर्माण झाला आणि ऑगस्टमध्ये त्याला तंजावरचा वेढा उठवावा लागला.

याच सुमारास त्याने फ्रेंच सेनानी बुसीला हैदराबादेहून परत बोलावले. निजामाच्या दरबारात बुसीने सात वर्षे खपून बसविलेले फ्रेंच वर्चस्व त्यामुळे ढासळले. लालीच्या चुकांत हीच सर्वांत महागाची म्हणावी लागेल. त्याने पुढे मद्रासला घातलेला वेढा इंग्रजी जहाजे येताच फेब्रुवारी १७५९ मध्ये उठला. फ्रेंच नौदलाचा सेनापती दाशे आरमार घेऊन मॉरिशसला निघून गेल्याने समुद्रमार्गे मदत मिळण्याची आशाही मावळली. २२ जानेवारी १७६० रोजी वांदिवाश येथे इंग्रज सेनापती आयर कूटने त्याचा निर्णायक पराभव केला. लालीने मदतीस घेतलेले मुरारराव घोरपड्यांचे मराठा घोडदळ या लढाईपासून जवळजवळ अलिप्तच राहिले, तर बुसी इंग्रजांच्या हाती सापडला. दीर्घ वेढ्यात उपासमार सोसून पाँडिचेरी जानेवारी १७६१ मध्ये शरण गेली.

युद्धकैदी म्हणून इंग्लंडला नेलेल्या लालीला आपल्यावरील फितुरीचे आरोप कळले, तेव्हा तो वचनावर सुटून स्वतःहून फ्रान्सला परतला. तो तापट, उद्धट व हट्टी होता हे खरे. फितूर मात्र नव्हता. फ्रेंच ईस्ट इंडिया कंपनीच्या ज्या नोकरांना त्याने उघडपणे चोर म्हटले होते, त्यांच्यापैकी अनेकजण खटल्यात त्याच्याविरुद्ध उभे राहिले. बास्तीलच्या तुरुंगवासानंतर ९ मे १७६६ रोजी पॅरिसमध्ये, तोंडात बोळा कोंबून त्याचा शिरच्छेद करण्यात आला. पुढे त्याच्या मुलाने फ्रेंच लेखक व्हॉल्तेअरच्या साहाय्याने लढा दिला आणि १७७८ मध्ये सोळाव्या लुईच्या राजमंडळाने ती शिक्षा रद्दबातल ठरविली.