बिनतारी संदेशाचा कान

कार्ल्सरूह येथील प्रयोगशाळेत हाइनरिक हर्ट्झ यांनी १८८७-८८ च्या सुमारास विद्युतचुंबकीय लहरी प्रत्यक्ष निर्माण करून दाखवल्या, तेव्हा त्या ओळखण्यासाठी त्यांच्याकडे तारेचे एक साधे कडे होते. या कड्यात सूक्ष्म फट ठेवलेली असे. दूरच्या उपकरणात मोठी ठिणगी पडली की या फटीतही मिलिमीटरच्या शतांशाइतकी ठिणगी चमकत असे आणि ती दिसावी म्हणून अंधारात डोळे ताणावे लागत. मॅक्सवेल यांनी १८६५ साली गणिताने वर्तवलेल्या लहरींचा पुरावा एवढाच होता. बिनतारी संदेशवहनाची पुढील पंधरा-वीस वर्षांची वाटचाल, माझ्या मते, लहरी पाठवणाऱ्या प्रक्षेपकापेक्षा त्या टिपणाऱ्या या ‘कानाच्या’ सुधारणेतून अधिक स्पष्ट दिसते.

१८९० साली पॅरिसमध्ये एदुआर ब्रानली यांनी पाहिले की काचेच्या नळीत सैल भरलेला धातूचा कीस एरवी वीज जवळजवळ वाहू देत नाही, पण जवळपास ठिणगी पडताच तो वाहक बनतो. कणांवर ऑक्साइडचा पातळ थर असतो. लहरीमुळे निर्माण झालेला विद्युतदाब तो थर भेदतो आणि कण एकमेकांना चिकटतात, असे त्याचे स्थूल स्पष्टीकरण देता येते. ऑलिव्हर लॉज यांनी या नळीला ‘कोहिअरर’, म्हणजे चिकटवणारा, असे नाव दिले आणि १८९४ साली आपल्या व्याख्यानांत तिचा प्रभावी वापर केला. पुढच्या वर्षी मे महिन्यात सेंट पीटर्सबर्ग येथे अलेक्झांडर पोपोव्ह यांनी अशाच नळीने आकाशातील विजेची चाहूल टिपणारे उपकरण दाखवले. गुल्येल्मो मार्कोनी यांनी निकेलच्या किसात थोडी चांदी मिसळून आणि नळीतील हवा काढून ती अधिक भरवशाची केली.

या नळीची मोठी उणीव अशी की एकदा चिकटलेले कण आपोआप सुटत नसत. प्रत्येक संकेतानंतर एक छोटी हातोडी नळीवर टिचकी मारत असे, मगच ती पुढचा संकेत ऐकण्यास मोकळी होई. त्याहूनही मूलभूत मर्यादा म्हणजे ही नळी विजेच्या बटणासारखी होती. तिला ‘लहर आली’ किंवा ‘आली नाही’ एवढेच सांगता येत होते. लहर किती जोराची, तिच्यात चढउतार कसे, हे तिला कळतच नव्हते. मोर्सचे ठिपके आणि रेघा तिच्यातून पोहोचत, मानवी आवाज मात्र पोहोचणे शक्य नव्हते.

इथे कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातील जगदीशचंद्र बोस यांचे काम महत्त्वाचे ठरते. हर्ट्झ यांच्या लहरी कित्येक सेंटिमीटर ते मीटर लांबीच्या होत्या. बोस यांनी सुमारे ५ मिलिमीटरपर्यंतच्या लहरी निर्माण केल्या, म्हणजे त्यांची सर्व उपकरणे टेबलावर मावू लागली. किसाच्या लहरी स्वभावाला कंटाळून त्यांनी बारीक स्प्रिंगांच्या स्पर्शबिंदूंवर आधारलेला शोधक, म्हणजे लहरी ओळखणारे साधन, बनवला. बंगालच्या दमट हवेत लोखंड गंजते, याचाही विचार त्यांना करावा लागला. १८९९ साली रॉयल सोसायटीपुढे त्यांनी लोखंड आणि पारा यांच्या स्पर्शाचा शोधक मांडला, जो टिचकीशिवाय आपोआप पूर्ववत होत असे आणि ज्याला टेलिफोनचा श्रवणभाग जोडता येत असे.

१२ डिसेंबर १९०१ रोजी न्यूफाउंडलंडमधील सेंट जॉन्स येथे मार्कोनी यांनी इंग्लंडच्या पोल्ढू केंद्रातून निघालेले ‘एस’ अक्षराचे तीन ठिपके सुमारे ३,५०० किलोमीटर अंतरावरून ऐकल्याचे सांगितले, तेव्हा त्यांच्या कानाशी पाऱ्याचाच शोधक आणि टेलिफोन होता. हा शोधक त्यांना इटलीच्या नौदलाकडून मिळाला होता; त्याचे मूळ बोस यांच्या कामात असल्याचे काही संशोधकांनी साधार दाखवले आहे. कानाने ऐकल्यामुळे कागदी नोंद मात्र राहिली नाही, आणि भर दिवसा त्या लांबीच्या लहरी एवढ्या दूर पोहोचल्या असतील का, ही शंका आजही रास्त वाटते. १९०२ च्या फेब्रुवारीत ‘फिलाडेल्फिया’ या जहाजावर त्यांनी कागदी पट्टीवर नोंदी घेतल्या: दिवसा साधारण १,१०० किलोमीटर, रात्री मात्र ३,००० किलोमीटरच्या पलीकडे. दिवस आणि रात्र यांतील हा फरक त्यांना तेव्हा उलगडला नाही. दिवसा वातावरणाचा खालचा आयनीभूत, म्हणजे विद्युतभारित कणांचा, थर या लहरी शोषून घेतो, हे नंतर समजले.

बोस यांनी एव्हाना शिशाच्या गॅलेना या खनिजाचा स्फटिक वापरून पाहिला होता. स्फटिकाला धातूचे टोक टेकवले की वीज एका दिशेने सहज जाते, उलट दिशेने फारशी जात नाही. त्यामुळे लहरीची एक बाजू छाटली जाते आणि तिच्या जोरातील चढउतार जसेच्या तसे श्रवणभागापर्यंत पोहोचतात. आवाज ऐकण्यासाठी नेमके हेच हवे होते. पेटंट घेण्यास बोस यांचे मन तयार नव्हते. सारा बुल या स्नेही महिलेच्या आग्रहामुळे १९०१ साली अमेरिकेत अर्ज झाला आणि २९ मार्च १९०४ रोजी गॅलेनासारख्या अर्धसंवाहकावर (सेमीकंडक्टर) आधारित शोधकाचे ते पेटंट मंजूर झाले.

पुढे ग्रीनलीफ पिकार्ड यांनी १९०६ साली सिलिकॉनच्या स्फटिकाचा शोधक पेटंट केला आणि १९२० च्या दशकात गॅलेनाचे स्वस्त रेडिओ, म्हणजे ‘क्रिस्टल सेट’, घरोघरी पोहोचले. त्यांना बॅटरी लागत नसे. श्रोत्याच्या कानावर पडणाऱ्या प्रत्येक शब्दाची ऊर्जा दूरच्या प्रक्षेपकातून हवेत निघालेली असे, आणि छतावर ताणलेल्या तारेने ती गोळा केलेली असे.