खारी जमीन आणि आंबट जमीन: जिप्समचं पोतं उघडण्याआधी

दिवाळी झाली, सरदाचं, म्हणजे पावसाळी, भात घरात आलं आणि वायंगणाची, म्हणजे त्यानंतरच्या पिकाची, तयारी सुरू झाली की मला दरवर्षी एकच प्रश्न येतो. "जमिनीत क्षार वाढलेत, जिप्सम किती टाकू?" विचारणारा आपल्या गोव्यातल्या डिचोलीचा असतो, सत्तरीचा असतो, कधी पेडण्याच्या डोंगराकडचा. त्याच्या जमिनीला भरतीचं पाणी सात पिढ्यांत शिवलेलं नसतं. पायाखाली जांभ्याची तांबडी माती आणि हातात मृदा आरोग्य पत्रिका. तिच्यावर सामू, म्हणजे पीएच, लिहिलेला असतो ५.२.

त्या जमिनीत क्षार वाढलेले नाहीत. ती आंबट आहे. ही दोन दुखणी वेगळी, त्यांची कारणं उलटी आणि औषधंही वेगळी.

खाऱ्या जमिनीबद्दल गोव्यातल्या माणसाला मी फार सांगायला नको. खाजनाचा, म्हणजे खाडीकाठच्या शेताचा, बांध, पाणी सोडायच्या मानशीची भरतीला आपोआप मिटणारी झडप, खाऱ्याला दाद न देणारं कोरगूट भात हे आपण पाहत आलो आहोत. बांध फुटला की शेत खारं होतं आणि एप्रिल-मेमध्ये ढेकळांवर पांढरं फूल चढतं. माती ओली असूनही झाडाला पाणी ओढता येत नाही, कारण मुळापेक्षा बाहेरचं पाणीच जास्त खारट. यावर उपाय गोडं पाणी: ओहोटीला मानस उघडी ठेवायची आणि पावसाला मीठ धुऊ द्यायचं.

घोळ होतो तो शब्दापासून. मराठीत 'क्षार' म्हणजे मीठही आणि आम्लाच्या विरुद्ध टोकाचा पदार्थही. शाळेच्या पुस्तकाने 'आम्लारी', 'अल्क' असे वेगळे शब्द दिले, पण शेतात ते कधी उतरले नाहीत. त्यामुळे 'क्षारयुक्त' ऐकलं की कोणाला खारट आठवतं, कोणाला सामू चढलेली जमीन. त्यात आपण वाचतो ती शेतीची मराठी मासिकं आणि मोबाईलवर फिरणारे सल्ले बहुतेक घाटावरचे. सांगली-कोल्हापूरची काळी, चिकट, निचरा न होणारी जमीन, पाऊस कमी, उसाला वर्षानुवर्षं पाणी. तिथे खालचं मीठ पाण्याबरोबर वर येतं, जमीन क्षारपड होते, पुढे चोपण होते, सामू ८.५ च्या वर जातो. मातीच्या कणांना सोडियम चिकटून बसतो आणि जिप्सममधला कॅल्शियम त्याला हुसकावतो. तिथे जिप्सम हाच खरा उपाय आहे. तो सल्ला लिहिणाऱ्याने चूक केलेली नाही. पण तो आपल्या सत्तरीतल्या वाळपईसाठी लिहिलेला नव्हता.

आपल्याकडे वर्षाला शंभर इंचांहून जास्त पाऊस पडतो. एवढ्या पावसात उताराच्या तांबड्या जमिनीत मीठ साठून राहीलच कसं? रासायनिक खतांनी क्षार साठले, असं मोरडीच्या, म्हणजे उंचावरच्या, जमिनीबद्दल कोणी म्हटलं की मला राहवत नाही. खतांनी बिघडतंच, पण वेगळ्या तऱ्हेने: युरिया, अमोनियम सल्फेट ही खतं मातीत मुरताना आंबटपणा सोडतात.

जो पाऊस खाजनातलं मीठ धुऊन शेत सुधारतो, तोच पाऊस डोंगरउतारावरचा कॅल्शियम आणि मॅग्नेशियम धुऊन जमीन आंबट करतो. मागे उरतं लोखंड आणि ॲल्युमिनियम. म्हणून माती तांबडी. सामू ५.५ च्या खाली गेला की हा ॲल्युमिनियम विरघळू लागतो आणि मुळांची टोकं खुंटवतो. स्फुरद घालाल तर लोखंड आणि ॲल्युमिनियम तो धरून ठेवतात, पिकाला सोडत नाहीत. रोप पिवळट, ठेंगणं, मुळं आखूड. वरून पाहणाऱ्याला खाऱ्या शेतातलं रोपही साधारण असंच दिसतं, हे मान्य. पण नुसतं रोप पाहून औषध ठरवायचं नसतं.

माझ्या मामाने भात काढल्यावर त्या जागेत अळसांदे, म्हणजे चवळी, पेरले होते. वेल वाढेनात. कोणीतरी सांगितलं म्हणून त्यांनी लागोपाठ दोन वर्षं जिप्सम टाकलं. तिसऱ्या वर्षी मी गेलो आणि चार रोपं उपटली. मुळांवर ज्या गाठी हव्यात, हवेतलं नत्र धरणाऱ्या, त्या जवळजवळ नव्हत्याच. आंबट मातीत त्या गाठींचे जिवाणू टिकत नाहीत. मामा म्हणाले, "अरे, जिप्सममध्ये कॅल्शियमच आहे ना? आणि चुन्यातही तोच. मग फरक काय?"

सगळा गुंता या प्रश्नात आहे आणि दुकानदारही तो सोडवत नाही, म्हणून नीट सांगतो. दोन्ही पांढऱ्या भुकट्या, दोन्ही पोत्यांवर कॅल्शियम लिहिलेला. पण आंबटपणा मारण्याचं काम कॅल्शियम करतच नाही. ते काम त्याचा जोडीदार करतो. चुनखडीत कॅल्शियमचा जोडीदार कार्बोनेट. तो आम्लाला भिडतो, स्वतः कार्बन डायऑक्साइड होऊन हवेत जातो आणि आम्ल तिथेच संपतं. जिप्सममध्ये जोडीदार सल्फेट, म्हणजे गंधकाच्या तेजाबाचाच अंश. तो आम्लाला काय मारणार? म्हणून पोत्यांवर पोती जिप्सम टाकलं तरी सामू ५.२ चा ६ होत नाही. पिकाला कॅल्शियम मिळतो, गंधक मिळतं, आणि आंबटपणा होता तिथेच राहतो.

जिप्सम वाईट आहे असं मी म्हणत नाही. भुईमुगाला आऱ्या, म्हणजे मातीत शिरून शेंग धरणारे कोंब, सुटताना ते द्यावंच, शेंग भरायला कॅल्शियम लागतो. ब्राझीलच्या आंबट माळांवर खालच्या थरातल्या ॲल्युमिनियमचा त्रास कमी करायला जिप्सम वापरतात, हेही खरं. पण तिथे ते चुन्याच्या जोडीला टाकतात, चुन्याऐवजी नाही.

आता पत्रिकेवरचे दोन आकडे. २०१५ पासून मिळणाऱ्या या पत्रिकेवर बारा गोष्टी असतात आणि बहुतेकजण नत्र-स्फुरद-पालाश पाहून ती घडी करून ठेवतात. खारेपणासाठी पाहायची ती विद्युतवाहकता, ईसी. मीठ जास्त, तर मातीच्या पाण्यातून वीज जास्त वाहते. पत्रिकेवरचा हा आकडा १ डेसीसायमनच्या आत असेल तर खारेपणाची चिंता सोडा. (पुस्तकांत ४ ची मर्यादा दिसते ती मातीचा घट्ट लगदा करून काढलेल्या पाण्याची. पत्रिकेसाठी माती जास्त पाण्यात कालवतात, ते दोन आकडे एकमेकांशी ताडू नयेत.) आंबटपणासाठी पाहायचा तो सामू. ७ च्या खाली आंबट, आणि एक अंक खाली म्हणजे दहापट आंबट: ५.२ ची माती ६.२ च्या मातीहून दहापट. सामू मीठ सांगत नाही आणि ईसी आंबटपणा सांगत नाही.

या दोघांची गाठ एकाच शेतात पडू शकते, आणि इथे जाणतेही चुकतात. खारी म्हणजे सामू चढलेला असणार, असं घाटावरच्या अनुभवावरून धरून चालतात. आपल्या खाजनात पुष्कळ ठिकाणी माती खारीही असते आणि आंबटही. खारफुटीच्या जुन्या चिखलात लोखंड-गंधकाची संयुगं दडलेली असतात. पाण्याखाली ती गप्प राहतात. तोच चिखल उपसून उन्हात टाकला की हवा लागून त्याचं गंधकाम्ल होतं. उपसलेल्या गाळावर पिवळट डाग दिसू लागले तर तो शेतात पसरण्याआधी सामू तपासून घ्या. खाजन वर्षानुवर्षं कोरडं पाडणंही याच कारणाने धोक्याचं आहे.

आंबट जमिनीवर चुन्यासारखाच चालणारा राखेचा उपाय आपल्या माणसांना रसायनाची नावं माहीत नसतानाही ठाऊक होता. काणकोण-केप्याकडे कुमेरी करत, म्हणजे झाडोरा कापून, वाळवून, जाळून त्यावर नाचणी पेरत, तेव्हा राखेने जमिनीला पालाश आणि कॅल्शियम मिळे आणि सामूही चढे. दोन-तीन पावसात ते सगळं धुऊन गेलं की जागा बदलायची आणि आधीच्या जागी रान पुन्हा उठू द्यायचं. रानाची मुळं खालचा कॅल्शियम ओढून पाल्यातून पुन्हा वर आणतात. कुळागरात, म्हणजे माडा-पोफळीच्या बागेत, पाला जाळण्याऐवजी माडा-पोफळींच्या बुंध्याशी पसरावा, असं मी सांगतो ते यासाठीच.

चुना कोणता? शिंपल्यांचा भाजलेला चुना जोरकस असतो. शुद्ध चुनखडीच्या १०० किलोंचं काम ५६ किलो कळीचा, म्हणजे नुसता भाजलेला, चुना करतो, पाणी घालून फोडलेला असेल तर ७४ किलो. पण कळीचा चुना मुळांना भाजतो, म्हणून उभ्या पिकात नको. मी तरी चुनखडीची बारीक भुकटी किंवा डोलोमाइट पसंत करतो. डोलोमाइटमधून मॅग्नेशियमही मिळतो, आणि आपल्या तांबड्या मातीतून तोही धुपलेला असतो. किती टाकायचा हे नुसत्या सामूवर ठरत नाही. चिकण मातीला आणि भरपूर कुजलेला पाला असलेल्या मातीला जास्त लागतो, म्हणून प्रयोगशाळेत 'चुन्याची गरज' वेगळी विचारून घ्या. हात सैल सोडून टाकलात तर जस्त आणि बोरॉन अडकून बसतात.

सरदाच्या भाताला चुन्याची घाई करू नका. शेतात पाणी तुंबलं की काही आठवड्यांत सामू आपोआप ७ कडे सरकतो. पाणी ओसरून माती सुकली की पुन्हा आंबट. म्हणून खरी गरज भातानंतरच्या अळसांद्यांना, मिरचीला आणि भाजीला. अननसाला आंबट माती चालते, काजूही ती सोसतो, तिथे पैसे घालवू नयेत.

नमुना कधी घेता हेही बघा. खाजनातला मे महिन्याचा ईसी आणि सप्टेंबरचा ईसी ही जणू दोन वेगळी शेतं असतात, म्हणून दोन्ही वेळा घ्या आणि पिशवीवर महिना लिहा. तांबड्या जमिनीचा नमुना भात कापल्याबरोबर घ्या, म्हणजे पेरणीआधी चुना मुरायला दोन-तीन आठवडे मिळतील. आणि चुना टाकून लगेच वर युरिया टाकू नका, अर्धं नत्र अमोनिया होऊन उडून जाऊ शकतं.