नाव चालत आलं त्या वाटेनं

टोरांटो हे नाव मुळात टोरांटो शहराचं नाही. ते शंभरेक किलोमीटर उत्तरेकडून आलं, आणि ज्या वाटेनं आलं तिचं दक्षिण टोक आज त्याच शहराच्या पोटात आहे.

कॅनडाच्या ओंटारियो प्रांतात सिमको आणि कूचिचिंग ही दोन सरोवरं एका अरुंद पाण्याच्या पट्ट्यानं जोडलेली आहेत. त्या पट्ट्याच्या तळाशी, गाळात, लाकडी खुंट उभे आहेत. मूळनिवाशांनी ते मासे पकडण्यासाठी ठोकले होते. खुंटांच्या रांगा आणि त्यांत विणलेल्या फांद्या यांचं कुंपण करायचं, म्हणजे प्रवाहातून जाणारे मासे आपोआप अरुंद तोंडाशी येतात. रेडिओकार्बन पद्धतीनं काढलेलं यांतल्या सर्वांत जुन्या खुंटांचं वय सुमारे ५,००० वर्षं भरतं. लाकूड इतकं टिकलं, कारण गाळाखाली प्राणवायू जवळजवळ नसतो आणि त्यामुळे कुजवणाऱ्या बुरशीचं तिथे काही चालत नाही. १६१५ साली फ्रेंच प्रवासी शांप्लेन तिथे गेला, तेव्हा वेंडाट लोक त्याच जागी मासेमारी करत होते आणि त्यानं तसं लिहून ठेवलं आहे. आज त्या जागेवरून महामार्गाचा पूल जातो. 'म्नजिकानिंग' या नावानं ती राष्ट्रीय वारसास्थळ म्हणून नोंदलेली आहे.

मोहॉक भाषेत अशा जागेला 'त्कारोंतो' म्हणतात. अर्थ, 'पाण्यात झाडं उभी आहेत ती जागा'. 'टोरांटो म्हणजे लोकांनी जमण्याची जागा' असा अर्थ पूर्वी सर्रास सांगितला जाई, अजूनही काही जण सांगतात, पण अभ्यासकांचा कौल आता खुंटांच्या बाजूनं आहे. सतराव्या शतकातल्या फ्रेंच नकाशांवर सिमको सरोवराचंच नाव 'तारोंतो' असं आहे. मग सरोवराकडे जाणाऱ्या वाटेला ते नाव पडलं. मग वाटेच्या दक्षिण टोकाजवळ १७५०च्या सुमारास फ्रेंचांनी व्यापारासाठी गढी बांधली, तिलाही लोक त्याच नावानं ओळखू लागले. १७९३ मध्ये ब्रिटिशांनी तिथे वसाहत केली आणि तिला यॉर्क म्हटलं, पण १८३४ मध्ये शहराचा दर्जा मिळाला तेव्हा जुनं नाव परत आलं. आपल्याकडे माणसं गावाचं नाव आडनाव म्हणून बरोबर घेऊन जातात. इथे एका वाटेनं ते काम केलं.

ती वाट साधी पायवाट नव्हती. तिला 'कॅरिंग प्लेस' म्हणत, म्हणजे ओझं वाहून नेण्याची जागा. फ्रेंच 'पोर्ते' म्हणजे वाहणं, त्यावरून अशा वाटांना पोर्टेज हा शब्द आला. अनिशिनाबे लोकांचा शब्द त्याहून जुना आहे: ओनिगम.

उत्तर अमेरिकेचा हा भाग म्हणजे नद्या आणि सरोवरांचं जाळं. घनदाट जंगलात पाणी हाच रस्ता. पण पाण्याचा रस्ता मध्येच तुटतो. कुठे धबधबा येतो, कुठे खळाळ, कुठे दोन नद्यांमध्ये जलविभाजक उंचवटा आडवा येतो. तिथे होडी पाण्याबाहेर काढायची, खांद्यावर घ्यायची, सामान पाठीवर घ्यायचं आणि पलीकडच्या पाण्यापर्यंत चालायचं. हे जमायचं, कारण होडी तशी होती. सीडर लाकडाच्या पातळ फासळ्या, त्यांवर भूर्जाच्या सालीचं कातडं, शिवायला स्प्रूस झाडाची मुळं आणि सांधे बुजवायला त्याच झाडाचा डिंक. हो, भूर्जच. ज्या सालीवर आपल्याकडे पोथ्या लिहिल्या गेल्या ते हिमालयातलं भूर्ज आणि हे अमेरिकेतलं भूर्ज एकाच कुळातली भावंडं. सालीतली मेणासारखी द्रव्यं पाण्याला आत शिरू देत नाहीत. तिकडे त्या गुणानं अक्षरं टिकवली, इकडे माणसं तरंगवली.

सामान वाहायला रुंद चामडी पट्टा कपाळावर घेत, ओझं पाठीवर. हमालाला ही रीत सांगायला नको: भार मानेच्या आणि पाठीच्या कण्यातून थेट पायांत उतरतो, हात मोकळे राहतात. पुढे फरच्या व्यापारात प्रत्येकी सुमारे ४१ किलोचे दोन गठ्ठे एका वेळी उचलण्याची पद्धत पडली.

बहुतेक पोर्टेज थोड्या अंतराचे असतात. सुपीरियर सरोवराकाठचा प्रसिद्ध ग्रँड पोर्टेज साडेतेरा किलोमीटरचा, आणि तोही 'ग्रँड' ठरला. टोरांटोचा पोर्टेज सुमारे ४५ किलोमीटरचा होता. हंबर नदीच्या मुखापासून निघून तो हॉलंड नदीपर्यंत जाई. तिथून सिमको सरोवर, खुंटांची सामुद्रधुनी, सेव्हर्न नदी आणि शेवटी ह्युरॉन सरोवराचा जॉर्जियन उपसागर.

एवढा खटाटोप का? नकाशा उघडून पाहा. ओंटारियो सरोवरातून ह्युरॉनला पाण्यानं जायचं तर आधी नायगाऱ्याचा पन्नास मीटरांहून उंच कडा चढायचा, मग अख्खं ईरी सरोवर ओलांडायचं, मग उत्तरेला वळायचं. कॅरिंग प्लेस हा शेकडो किलोमीटरचा वळसा वाचवत असे. मात्र चढ होता. ओंटारियो सरोवराची पातळी समुद्रसपाटीपासून सुमारे ७५ मीटर, सिमकोची २१९. आणि मध्ये आडवी येते त्याहूनही उंच अशी ओक रिजेस नावाची टेकड्यांची रांग.

इथे गोष्ट माणसांच्या हातून बर्फाच्या हाती जाते, आणि मला स्वतःला हा भाग सर्वांत आवडतो.

ओक रिजेस हा हिमोढ आहे, म्हणजे हिमस्तरांनी आणून टाकलेला राडारोडा. सुमारे १३,००० वर्षांपूर्वी, हिमयुग ओसरताना, बर्फाचे दोन प्रचंड जिभाळे इथे समोरासमोर होते. वितळलेल्या पाण्यानं त्यांच्या मधल्या फटीत वाळू आणि गोट्यांचे ढीग साचवले. बर्फ गेला, ढीग राहिले: पूर्व-पश्चिम पसरलेली सुमारे १६० किलोमीटरची रांग. दक्षिण उतारावरचं पाणी ओंटारियो सरोवरात जातं, उत्तरेचं सिमकोकडे. वाळूत पाऊस मुरतो आणि पायथ्याशी झऱ्यांतून बाहेर येतो, म्हणून डझनावारी नद्यांचे उगम इथे आहेत. हंबरच्या पूर्व फाट्याचा आणि हॉलंडचाही. नदीच्या उगमाकडे जावं तसं पाणी कमी आणि दगड जास्त. होडी चालत नाही. म्हणून वाट.

ही वाट नदीच्या पात्रालगत नव्हती, हे लक्षात घ्या. खालच्या टप्प्यात ती हंबरच्या पूर्व काठाच्या उंचवट्यावरून जाते, दरीच्या तळातून नाही. तळाला दलदल, पूर आणि झुडपं. वर पाण्याचा निचरा होणारी कोरडी वालुकामय जमीन. १९५४च्या ऑक्टोबरात हेझल नावाचं चक्रीवादळ इथवर आलं आणि हंबरला रात्रीतून पूर आला. कॅनडात ८१ माणसं गेली. त्यांतली ३५ हंबरकाठच्या रेमोर ड्राइव्ह या एकाच रस्त्यावरची. घरं पूरमैदानात बांधलेली होती. त्यानंतर सरकारनं नदीकाठच्या जमिनी घेऊन तिथे बागा केल्या, बांधकामं बंद केली. चालणाऱ्यांच्या पिढ्यांना ठाऊक असलेली गोष्ट शहराला इतकी माणसं गमावून शिकावी लागली, हे वाचताना मला अजूनही कसंतरी होतं.

बर्फाची दुसरी खूण शहराच्या मध्यातच आहे. ओंटारियो सरोवराचं पाणी आज सेंट लॉरेन्स नदीनं समुद्राला जातं. १३,००० वर्षांपूर्वी ते तोंड बर्फानं बुजलेलं होतं. पाणी तुंबलं आणि आजच्यापेक्षा कितीतरी उंच पातळीचं सरोवर तयार झालं. भूशास्त्रज्ञ त्याला इरोक्वा सरोवर म्हणतात. त्याच्या लाटांनी काठ खणून एक कडा तयार केला. बर्फाचा बांध गेला, सरोवर आटलं, कडा मात्र शहराच्या मधोमध उभा राहिला. त्याच्या पायथ्याची सपाट पट्टी म्हणजे तयार रस्ताच! हंबर आणि डॉन या दोन नद्यांना जोडणारी मूळनिवाशांची वाट तिथूनच जायची. आज त्या वाटेवर डेव्हनपोर्ट रोड आहे. टोरांटोचे रस्ते काटकोनात, चौकटीच्या वहीसारखे आखलेले. हा रस्ता त्या चौकटी मोडत वाकडातिकडा जातो, कारण तो पट्टीनं आखलेला नाही, एका नाहीशा झालेल्या सरोवराच्या किनाऱ्यानं आखलेला आहे. त्याचं अनिशिनाबे नाव 'गेते ओनिगमिंग', 'जुन्या पोर्टेजपाशी'. काही चौकांत आता पाट्यांवर ते नाव दिसतं. जवळचा स्पडायना रस्ताही 'इश्पादिना' या शब्दावरून आला, म्हणजे टेकाड. टेकाड म्हणजे हाच कडा.

पायवाटेचे अवशेष मिळणं अवघड असतं. चाकं नव्हती, फरसबंदी नव्हती. पाऊलवाट नांगराखाली एका हंगामात नाहीशी होते. म्हणून संशोधक वाट शोधत नाहीत, वाटेवर काय होतं ते शोधतात: गावं, दफनं, चुली. त्याला जुने नकाशे आणि मोजणीदारांच्या वह्यांची जोड देतात. ओंटारियोत बांधकामाआधी पुरातत्त्वीय तपासणी करायची की नाही हे ठरवताना पाण्याचं सान्निध्य पाहतात तसा जुना पोर्टेज जवळ आहे का, हेही पाहतात.

हंबरच्या मुखापासून काही किलोमीटर वर नदी एका उंच नाकाडाला वळसा घालते. तिथे सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात सेनेका लोकांचं तेयायागोन हे गाव होतं. वाटेच्या दक्षिण टोकावर नजर ठेवायला याहून चांगली जागा नाही. पूर्वेला रूज नदीवरून जाणाऱ्या दुसऱ्या फाट्याच्या तोंडाशीही त्यांचं असंच गाव होतं. शतक संपायच्या सुमारास सेनेका निघून गेले आणि मिसिसॉगा अनिशिनाबे तिथे आले. तेयायागोनच्या जागी आज बॅबी पॉइंट नावाची टुमदार, श्रीमंत वसाहत आहे. १९९९ मध्ये तिथे गॅसची वाहिनी टाकताना एका सेनेका स्त्रीचं दफन सापडलं. तिच्याबरोबर सांबरासारख्या मूस प्राण्याच्या शिंगाची नक्षीदार फणी होती.

वाट माणसांच्या हातून गेली ती कागदानं. १७८७ मध्ये ब्रिटिशांनी मिसिसॉगांकडून जमीन घेतली. ह्युरॉनकडे जाणारा हा मार्ग ताब्यात यावा हा त्यामागचा एक हेतू होता. पुढे ते खरेदीखत पाहिलं तर त्यात जमिनीचं वर्णनच नव्हतं! १८०५ मध्ये पुन्हा करार झाला, अडीच लाख एकरांसाठी दहा शिलिंगांचा. मिसिसॉगांच्या वारसांचा दावा २०१० मध्ये मिटला, तो १४ कोटी ५० लाख कॅनेडियन डॉलरांना. दरम्यान गव्हर्नर सिमको १७९३ मध्ये स्वतः कॅरिंग प्लेस चालून आला होता. त्यानं पूर्वेला यंग स्ट्रीट हा सरळ रस्ता काढायला लावला, १७९६ मध्ये तो हॉलंड नदीजवळ पोचला, आणि जुन्या वाटेची वर्दळ ओसरली.

अमेरिकेतल्या शिकागोतही असाच पोर्टेज होता, पण तिथे गोष्ट उलट रीतीनं घडली. तिथे जलविभाजक डोंगर नाहीच. सह्याद्रीच्या माथ्यावर पाऊस कुठल्या बाजूला पडतो यावर तो अरबी समुद्रात जाणार की बंगालच्या उपसागरात हे ठरतं; शिकागोत हाच निवाडा मिशिगन सरोवराहून जेमतेम काही फूट उंच असलेली चिखलाची जमीन करते. एका बाजूचं पाणी सेंट लॉरेन्सला, दुसऱ्या बाजूचं मिसिसिपीला. वसंतातल्या पुरात होडी न उचलता पार जाता येई, उन्हाळ्यात कित्येक मैल चालावं लागे. १६७३ मध्ये इलिनॉय लोकांनी जोलिए आणि मार्केत या फ्रेंचांना ही वाट दाखवली. जोलिएनं लगेच म्हटलं, इथे छोटासा कालवा खणला की झालं. १८१८ मध्ये फरच्या व्यापारातला तरुण कारकून हबर्ड त्या 'मड लेक'मधून होड्या ओढत गेला. चिखल कमरेपर्यंत, आणि जळवा इतक्या घट्ट चिकटत की ओढल्या तर तुटत. कालवा १८४८ मध्ये झाला. पुढे त्याच्या कोरड्या पात्रावर १९६० च्या दशकात स्टीव्हन्सन महामार्ग बांधला. वाट, कालवा, महामार्ग, सगळे एकाच खाचेत. क्लार्क स्ट्रीटसारखे शिकागोचे काही जुने रस्ते तर हिमयुगातल्या सरोवरानं टाकलेल्या वाळूच्या वरंब्यांवरून जातात, कारण मूळनिवासी पाय कोरडे ठेवून त्याच वरंब्यांवरून चालत.

टोरांटोला कोणी नातेवाईक असेल आणि जाणं झालं, तर ओल्ड मिल या मेट्रो स्थानकावर उतरा. स्थानक हंबरच्या दरीवरच आहे. सप्टेंबर-ऑक्टोबरात नदीकाठानं वर जरा चालत गेलात तर बंधाऱ्यावरून उड्या मारणारे सामन मासे दिसतील. हे मासे पॅसिफिकमधून आणून सोडलेले; इथले मूळचे अटलांटिक सामन एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस संपले. काठावर मुलांना कडेवर घेतलेल्या आयाबापांची गर्दी असते. तिथून मान वर करून पूर्वेचा काठ पाहा. झाडांच्या मागे घरांची छपरं दिसतात, आणि त्या छपरांच्या खाली तेयायागोन आहे.