छोटी गाडी हलकी असते, कुठल्याही दोरीने निघते?

‘छोटी गाडी हलकीच असते, चिखलात रुतली तर घरातली कुठलीही मजबूत दोरी बांधा आणि झटका द्या.’ हा सल्ला वर्षानुवर्षे फिरतो आहे. तो धोकादायक आहे.

सपाट डांबरी रस्त्यावर न्यूट्रलमधली छोटी गाडी एक-दोन माणसे ढकलू शकतात, म्हणून तो पटतो. पण चाके निम्मी चिखलात गेली की लागणारी ओढ गाडीच्या वजनाच्या जवळपास जाऊ शकते. त्यावर झटका दिला की ताण कितीतरी पटींनी वाढतो. दोरी तुटली किंवा हूक निसटला, तर दोरीचे टोक किंवा हूक गोळीसारखा माणसाच्या अंगावर येतो. साखळी तर ताणतच नाही, सगळा धक्का थेट हुकावर बसतो.

मग जाडात जाड पट्टा घ्यावा? तसेही नाही. झटका शोषणारा लवचीक दोर अवजड गाडीसाठीचा असेल, तर हलक्या गाडीने तो पुरेसा ताणलाच जात नाही आणि झटका शोषतही नाही.

पडताळणी सोपी आहे. गाडीचे कमाल भारित वजन, म्हणजे माणसे-सामानासह जास्तीत जास्त वजन, माहितीपुस्तिकेत सापडते. पट्ट्याच्या लेबलवरची तुटण्याची क्षमता त्याच्या साधारण दोन ते तीन पट हवी. लेबलच नसेल तर तो वापरू नका. पुस्तिकेत दाखवलेल्या टो-हुकालाच (गाडी ओढण्यासाठीच्या हुकाला) बांधा, बंपरला किंवा सस्पेन्शनला कधीच नाही. तो हूकही सरळ, सावकाश ओढीसाठी असतो.

आणि आधी फावडे घ्या. चाकांपुढचा चिखल काढला, खाली फळ्या सरकवल्या, की पुष्कळदा दोरीची गरजच उरत नाही.