सात, आठ, नऊ ग्रीकमध्ये मोजणारी माणसं

हे आकडे जरा मोठ्याने वाचा: येख, दुय, त्रिन, श्तार, पांज, शोव, एफ्ता, ओख्तो, एन्या, देश.

सहापर्यंत कुणी शिकवायची गरज नाही. पुढे मात्र जीभ अडखळते. एफ्ता, ओख्तो, एन्या हे सात, आठ, नऊ चक्क ग्रीक आहेत. दहाला ‘देश’ म्हटलं की पुन्हा ओळखीचा सूर लागतो. विसाला बिश, शंभराला शेल. पण मधल्या तिसाला त्रिआंदा आणि चाळिसाला सरांदा, म्हणजे परत ग्रीक.

ही मोजणी रोमा लोकांची. रोमानिया, बल्गेरिया, स्लोव्हाकिया, हंगेरी, स्पेन अशा देशांत मिळून त्यांची संख्या एक कोटीच्या आसपास धरली जाते. आपण त्यांना जिप्सी म्हणतो, आणि तो शब्द उच्चारला की डोळ्यांसमोर नक्षीदार घोडागाडी, शेकोटी, व्हायोलिन आणि हात बघणारी बाई येते. (नाहीतर मारुतीची जीप.) घोडागाडीचं आधीच सांगून टाकतो: ब्रिटनमध्ये तसली राहती गाडी आली ती एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला. रोमा तिथे त्याच्या तीनशेहून जास्त वर्षं आधीपासून होते. आणि युरोपातले आजचे बहुतेक रोमा पिढ्यान्‌पिढ्या एकाच जागी राहणारे आहेत. भटकंती त्यांच्यापेक्षा आपल्या कवितेला जास्त हवी असते.

‘जिप्सी’ हा शब्दही मुळात एक चूकच. पंधराव्या शतकात ही माणसं पश्चिम युरोपात टोळ्याटोळ्यांनी पोचली तेव्हा ती ‘छोट्या इजिप्त’मधून आल्याचं सांगत. १४२७ च्या ऑगस्टमध्ये पॅरिसच्या वेशीशी अशी एक टोळी येऊन थांबली, तर तिला बघायला गर्दी लोटली. ग्रीसच्या किनाऱ्यावर मोदोन बंदराजवळ ‘छोटा इजिप्त’ नावाचा भाग होता, त्यावरून हे आलं असावं. ‘इजिप्शियन’चं इंग्रजीत झालं जिप्सी, स्पॅनिशमध्ये हितानो. आज अनेक रोमांना हा शब्द शिवीसारखा लागतो, काही जण मात्र तोच अभिमानाने मिरवतात. जर्मन ‘त्सिगॉयनर’चं प्रकरण आणखी कडवट आहे, त्याच्याकडे नंतर येऊ.

मग ते खरे कुठले? पहिलं पक्कं उत्तर मिळालं ते एका बाईच्या तोंडून. १७८१ च्या एप्रिलमध्ये जर्मनीतल्या हाले शहरात योहान रूडिगर या विद्वानाने बार्बारा माकेलिन नावाच्या रोमा बाईला काही वाक्यं दिली आणि तिच्या भाषेत ती कशी म्हणतात ते विचारलं. तिने सांगितलं, याने लिहून घेतलं. मग ती वाक्यं त्याने हिंदुस्तानीच्या एका व्याकरणाशेजारी ठेवली. हे व्याकरण बेंजामिन शुल्त्से या मिशनऱ्याचं. तो तमिळनाडूच्या किनाऱ्यावर तरंगंबाडीला आणि मग मद्रासला राहून हालेला परतला होता. दोन्हीकडचं जुळत गेलं. रूडिगरने १७८२ साली ते छापलं, आणि रोमांचा जो छळ चालला होता त्यावर आपल्याच समाजाला चार शब्द सुनावले.

जुळतं म्हणजे काय, ते मराठी माणसाला घरबसल्या पडताळता येतं. रोमांच्या भाषेत, म्हणजे रोमानीत, आपले घ, ध, भ राहिले नाहीत. त्यांच्या जागी ख, थ, फ आले. एवढा नियम लक्षात ठेवला की कुलूप उघडतं. घर, खेर. धूर, थुव. भुई, फुव. बहीण, फेन. दुधाचं झालं थुद: इथे शेवटच्या ध मधला हकार उडी मारून पहिल्या अक्षरावर बसला आणि मग नियमाप्रमाणे त्या ध चा थ झाला. भाऊ म्हणजे फ्राल; ‘भ्राता’मधला जो र आपण कधीच गिळून टाकला, तो त्यांनी जपलाय.

माझा लाडका शब्द खाम. नियम उलटा लावला तर निघतो घाम. पण रोमानीत खाम म्हणजे सूर्य. दोन्हींचं मूळ संस्कृत ‘घर्म’, म्हणजे उष्णता. आपल्याकडे त्यातून अंगावरून निथळणारं पाणी उरलं, त्यांच्याकडे ते आणणारा वर राहिला.

असंच त्रुशुल. हा आपला त्रिशूळ, पण रोमानीत त्याचा अर्थ ख्रिस्ती क्रूस. आणि पाद्री म्हणजे राशाय, बहुधा आपला ऋषी. सामान बदललं, जुन्या पेट्या तशाच वापरात राहिल्या.

वाटेत जिथे जिथे मुक्काम पडला तिथलं काहीतरी भाषेला चिकटलं. नशिबाला बख्त म्हणतात; हा फारसी, आपल्या ‘कमबख्त’मधला. जोर हा शब्द तर त्यांनी आणि आपण एकाच दुकानातून उचललाय. घोड्याला ग्रास्त, हा आर्मेनियन. रस्त्याला द्रोम, शहराला फोरो, घोड्याच्या नालेला पेताल, हे ग्रीक. ग्रीकचा लेप सगळ्यात जाड, नुसत्या शब्दांवर न थांबता व्याकरणात उतरलेला. इंग्रजीतल्या ‘द’सारखं उपपद आपल्या भाषांत नसतं, रोमानीत मात्र ‘ओ खेर’ म्हणजे ‘ते विशिष्ट घर’. ही सवय ग्रीकची. असं व्हायला एकदोन वर्षांचा मुक्काम पुरत नाही, पिढ्या जाव्या लागतात.

निघाले कधी, इथे मात्र गंमत आहे. मराठीने तो, ती, ते अशी तीन लिंगं अजून सांभाळली आहेत. रोमानीत दोनच उरली, आणि नपुंसकलिंगी शब्दांची वाटणी हिंदी-पंजाबीच्या वळणाने झाली. म्हणजे उत्तरेकडच्या भाषांत हा बदल होत होता तेव्हा ही मंडळी भारतातच असणार, असा तर्क काही भाषाशास्त्रज्ञ करतात, आणि निघण्याचा काळ इसवी सन १००० च्या आसपास नेतात. जनुकं वेगळं सांगतात. २०१२ साली युरोपातल्या १३ रोमा गटांच्या डीएनएचा मोठा अभ्यास झाला. त्यात वायव्य किंवा उत्तर भारतातून निघालेल्या मूळ गटाचा काळ सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीचा निघाला, आणि बाल्कनमधून युरोपभर पांगण्याचा सुमारे नऊशे वर्षांपूर्वीचा.

दोन घड्याळांत काही शतकांचा फरक. मला त्यात फारसा पेच वाटत नाही. जनुकांचं घड्याळ मोजतं ते एक गट बाकीच्यांपासून विवाहसंबंधांत कधी तुटला ते. शीव कधी ओलांडली याची त्यात नोंद नसते. एखादा समाज एकाच मुलखात शेकडो वर्षं वेगळा राहू शकतो, हे भारतात तरी समजावून सांगायला नको.

रोमानी हिंदीच्या जास्त जवळची, मराठीच्या कमी, याचीही सोपी खूण आहे. संस्कृत ‘क्ष’चं आपण ‘श’ केलं, हिंदीने ‘ख’: माशी आणि मक्खी, शेत आणि खेत. रोमानीत माशीला माख आणि डोळ्याला याख म्हणतात. म्हणजे आपण चुलत. भाषाशास्त्रज्ञ राल्फ टर्नर यांनी १९२६ सालीच अशा खुणांवरून मांडलं होतं की ही भाषा मुळात मध्यदेशाची, म्हणजे गंगा-यमुनेच्या मैदानाची, नंतर बराच काळ वायव्येला राहिलेली. ‘ते गझनीच्या महमुदाशी लढलेले राजपूत’ किंवा ‘ते आपले बंजाराच’ असे निरोप फोनवर फिरत असतात. त्यांना पुरावा तोकडा आहे.

पुराव्यानिशी जोडता येतो तो त्यांच्या नावाचा धागा. ‘रोम’ हा शब्द संस्कृत ‘डोम्ब’वरून आला असं बहुतेक अभ्यासक मानतात. रोमानीत ड चा र झाला. पश्चिम आशियातले त्यांचे भाऊबंद स्वतःला दोम म्हणतात, आर्मेनियाकडचे लोम. आणि आपल्याकडे त्याच मुळाचा शब्द रस्त्यात दोरी बांधून पोर चालवतो: डोंबारी. नाव एक म्हणून रक्त एक असं मात्र समजू नये. गाण्याबजावण्याची, कसरतीची, हलकी मानलेली कामं करणाऱ्या कितीतरी लोकांना हे नाव दिलं गेलं. फ्रान्समधले काही रोमा स्वतःला मानुष म्हणवतात, स्पेनमधले काले. दोन्हींचा अर्थ तुम्हाला लागलाच असेल.

इथवर सगळं गोड. पण मूळ शोधणाऱ्या विद्येचा दुसरा हातही बघायला हवा. रूडिगरला लोक विसरले. नाव झालं ते १७८३ साली हाइनरिश ग्रेलमान यांनी लिहिलेल्या पुस्तकाचं, आणि त्यात भाषेच्या पुराव्याच्या जोडीला ऐकीव किळसवाण्या गोष्टी भरलेल्या होत्या. वर्षभरापूर्वीच हंगेरीत नरभक्षणाच्या आरोपावरून चाळीसेक रोमांना मारून टाकलं होतं. ज्यांना खाल्लं म्हणत होते ती माणसं नंतर जिवंत सापडली. तिकडे आजच्या रोमानियातल्या वालाचिया आणि मोल्दाविया या संस्थानांत रोमा गुलाम होते. १३८५ च्या एका दानपत्रात चाळीस कुटुंबं मठाला दिल्याची नोंद आहे, आणि गुलामी संपली १८५५-५६ साली.

नाझींपुढे तर मोठाच पेच होता. आर्य पूर्वेकडून आले म्हणायचं आणि भारतातून आलेली भाषा बोलणाऱ्यांना हलकं ठरवायचं, हे जमवायचं कसं? रोबेर्ट रिटर या डॉक्टरने १९३६ पासून तोडगा काढला: मूळचे ‘शुद्ध’ असतील, पण आता दहातले नऊ मिश्र झालेत, आणि मिश्र म्हणजे जन्मजात गुन्हेगार. त्याच्या पथकाने डोकी मोजली, रक्त घेतलं, वंशावळी लिहिल्या. चोवीस हजारांच्या आसपास माणसांचे असे अहवाल तयार झाले. (१८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा आणि सोलापूरची तारेच्या कुंपणातली सेटलमेंट ज्यांना ठाऊक आहे, त्यांना ‘जन्मजात गुन्हेगार’ या कल्पनेची ओळख वेगळी करून द्यायला नको.) त्याची सहायक एव्हा युस्टिन हिला रोमानी बोलता येत असे. मुल्फिंगेनच्या अनाथाश्रमातल्या मुलांवर तिने प्रबंध लिहिला. अभ्यास होईपर्यंत मुलं तिथे ठेवली होती. मे १९४४ मध्ये ३९ मुलं आउश्वित्झला पाठवली गेली, परतली चार. तिथे रोमांच्या हातावर नंबराआधी त्सिगॉयनरचं ‘झेड’ अक्षर गोंदत. २ ऑगस्ट १९४४ च्या रात्री त्यांच्या छावणीत उरलेल्या चार हजारांहून अधिक जणांना गॅस कोठडीत नेलं. युद्धकाळात एकूण किती मारले गेले याचे अंदाज अडीच ते पाच लाखांचे आहेत. पश्चिम जर्मनीच्या सरकारने हा वंशसंहार होता असं मान्य केलं १९८२ साली. रिटर आणि युस्टिन दोघांनाही युद्धानंतर सरकारी आरोग्यखात्यात नोकऱ्या मिळाल्या.

म्हणून आज रोमांच्या डीएनएचा विषय निघाला की काही संशोधकच हात आखडता घेतात. २०२१ साली साडेचारशेहून अधिक शोधनिबंध तपासणाऱ्या एका गटाने दाखवून दिलं की नमुने देणाऱ्यांची संमती अनेकदा नीट घेतलेली नव्हती, आणि एकाकी पडलेल्या थोड्या वस्त्यांतले नमुने सगळ्या रोमांचे म्हणून वापरले गेले. जनुकांचा त्यांना उपयोग नाही असं मात्र नाही. स्नायू दुबळे करणाऱ्या एका जन्मजात आजाराचा एकच बदल रोमांत आणि भारत-पाकिस्तानातल्या रुग्णांत सापडतो. डॉक्टरला कुठे बघायचं हे ठाऊक असलं तर निदान लवकर होतं.

मोजमापाने केलेलं नुकसान जुनं झालेलं नाही. चेक प्रजासत्ताकातल्या ओस्त्रावा शहरात नव्वदच्या दशकात रोमा मूल मतिमंदांच्या शाळेत जाण्याची शक्यता इतर मुलांच्या २७ पट होती. चाचणी मानसशास्त्रीय होती, कागद रीतसर होते. १८ मुलांचा खटला युरोपच्या मानवी हक्क न्यायालयात गेला आणि २००७ साली निकाल लागला: हा भेदभाव आहे.

८ एप्रिल १९७१ ला लंडनजवळ ऑर्पिंग्टनला जगभरचे रोमा प्रतिनिधी जमले. त्या बैठकीला भारत सरकारचीही मदत होती. तिथे ठरलेल्या झेंड्यावर वर निळा, खाली हिरवा आणि मध्ये लाल चक्र आहे. आपल्याला २४ आरे, त्यांना १६. पुढे चंदीगडला त्यांचे महोत्सव भरले, इंदिरा गांधी उद्घाटनाला गेल्या, आणि ‘आपली हरवलेली लेकरं’ हा सूर इथे लागला तो अजून मधूनमधून ऐकू येतो. रोमानीत रोमा नसलेल्या माणसाला गाजो म्हणतात. जर्मन गाजो, फ्रेंच गाजो. आपण फेन-फ्राल म्हणत दारात उभे राहिलो, तरी आपणही गाजोच.