‘काजवा’ची पार्श्वभूमी : आकाशातून वीज उतरवण्याच्या कल्पनेचा प्रवास

‘काजवा’ हे विमान प्रत्यक्षात कुठेही नाही. खानदेशात घडणाऱ्या माझ्या विज्ञानकथांमध्ये ते उडतं. पुराने किंवा वादळाने अंधारात गेलेल्या गावात उतरायचं, तात्पुरती वीज द्यायची आणि लाईन सुरू झाली की निघून जायचं, एवढंच त्याचं काम. विमान कल्पनेतलं असलं तरी त्यामागे खरा आणि बराच लांबचा इतिहास आहे.

आधी खानदेशच का, ते सांगतो. आपल्याकडे वीज तयार होत नाही असं कोणी म्हणू शकणार नाही. भुसावळजवळ दीपनगरचं औष्णिक केंद्र आहे. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या फिरतात आणि त्याच तालुक्यात महानिर्मितीचा १२५ मेगावॉटचा सौर प्रकल्प आहे. तरीही ऑगस्ट २०२१ च्या अखेरीस तितूर आणि डोंगरी या नद्या एका रात्रीत फुगल्या, चाळीसगावात पाणी शिरलं आणि कन्नड घाटात दरडी कोसळून रस्ता बंद झाला. त्याआधी ऑगस्ट २०१९ मध्ये पांझरेने धुळ्यात असाच हाहाकार केला होता. रावेर-यावलकडे मे-जूनमध्ये वादळी वारा सुटतो तेव्हा केळीच्या बागांबरोबर विजेचे पोलही आडवे होतात. अशा वेळी दीपनगरची चिमणी धूर सोडत असते आणि वीस-तीस किलोमीटरवरच्या गावात मोबाईल चार्ज करायची सोय नसते. वीज कमी पडलेली नसते. तुटलेले असतात ते शेवटचे दोन-चार किलोमीटर. ‘काजवा’ची सगळी रचना मी या एका गोष्टीवर बेतली आहे.

कथाकारांनी मात्र सुरुवात भव्यतेपासून केली. फ्रेंच लेखक ज्यूल व्हर्नच्या १८८६ मधल्या कादंबरीतलं ‘अल्बाट्रॉस’ हे यान विजेवर उडतं, पण ती वीज त्याच्या स्वतःपुरतीच असते. संकटात सापडलेल्यांकडे यंत्रं घेऊन जाणारं विमान लोकांच्या डोळ्यांसमोर ठसठशीत उभं राहिलं ते १९६५ मध्ये, ‘थंडरबर्ड्स’ या ब्रिटिश मालिकेत. तिच्यातलं हिरवं मालवाहू यान पोटातला अख्खा डबा घटनास्थळी ठेवतं आणि डब्यातून हवं ते यंत्र बाहेर येतं.

प्रत्यक्षात या कल्पनेचा पहिला मोठा प्रयोग पाण्यावर झाला. १९२९ मध्ये अमेरिकेतल्या टॅकोमा शहराच्या धरणांत दुष्काळामुळे पाणी उरलं नाही आणि जलविद्युत बंद पडायची वेळ आली. तेव्हा ‘लेक्झिंग्टन’ ही विमानवाहू युद्धनौका बंदरात आणून उभी केली गेली. डिसेंबरपासून जानेवारी १९३० पर्यंत साधारण महिनाभर तिच्या जनित्रांनी शहराला ४० लाख युनिटांहून जास्त वीज पुरवली. ही गोष्ट मला फार मोलाची वाटते, कारण लढाईसाठी बांधलेलं यंत्र शहराच्या उपयोगी पडल्याचं इतकं स्वच्छ उदाहरण क्वचितच सापडतं.

विमानांची पाळी आली ती बर्लिनमध्ये. जून १९४८ मध्ये सोव्हिएत फौजांनी पश्चिम बर्लिनची नाकेबंदी केली आणि पूर्वेकडून येणारी वीजही तोडली. घरांना दिवसाचे चारेक तासच वीज मिळू लागली. त्यानंतरच्या सव्वा वर्षात अमेरिका-ब्रिटनच्या विमानांनी सुमारे २३ लाख टन माल शहरात नेला. त्यातला जवळपास दोन-तृतीयांश कोळसा होता! म्हणजे धान्याच्या कितीतरी पट वजनाचं इंधन आकाशातून आलं. शहरात नवं वीजकेंद्र उभारायचं ठरलं तेव्हा त्याच्या यंत्रांचे भागही विमानांनीच आणले.

मग अणूचा काळ आला. अमेरिकेच्या एनबी-३६एच या विमानाने १९५५ ते १९५७ या काळात पोटात चालू अणुभट्टी घेऊन उड्डाणं केली. भट्टी एक मेगावॉटची होती, पण तिच्यातून विमान चालत नव्हतं. किरणोत्सर्गापासून माणसांना वाचवता येतं का, हे तपासायचं होतं. ‘काजवा’त अणुभट्टी नाही. पूरग्रस्त गावावरून असं विमान फिरवायचा धोका कथेतही घ्यावासा वाटत नाही.

वरूनच, बिनतारी वीज सोडता येईल का? १९७५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या गोल्डस्टोनला सूक्ष्मलहरींद्वारे (मायक्रोवेव्ह) ३० किलोवॉटहून जास्त वीज सुमारे दीड किलोमीटरवर पोहोचवली होती. प्रयोग खरा, पण त्याला प्रचंड अँटेना लागला आणि समोर झेलायला मोठी चौकट लागली. चिखलात रुतलेल्या गावाला ते पेलणारं नाही. मग विमानाऐवजी हवाई जहाज, म्हणजे हलक्या वायूने तरंगणारा महाकाय फुगा? जर्मनीच्या ‘कार्गोलिफ्टर’ कंपनीने १६० टन माल उचलणारं असं जहाज बांधायला घेतलं होतं, पण २००२ मध्ये तिचं दिवाळं निघालं. जहाजासाठी बांधलेल्या महाकाय शेडमध्ये आज जलक्रीडा केंद्र आहे. शिवाय आपल्याकडच्या मे महिन्याच्या वावटळीत असा फुगा टिकणार नाही.

या इतिहासातला मला सर्वात जवळचा वाटणारा प्रसंग २०१२ चा आहे. सँडी वादळाने न्यूयॉर्क परिसर अंधारात गेला तेव्हा अमेरिकी हवाई दलाच्या सी-५ आणि सी-१७ विमानांनी कॅलिफोर्नियाहून वीज कंपनीचे ट्रक आणि लाईनमन उचलून नेले. म्हणजे नुसती यंत्रं नाही, लाईन जोडणारी माणसंही गेली. निसर्ग चक्रीवादळानंतर कोकणात राज्याच्या इतर भागांतून महावितरणची पथकं रस्त्याने गेली होती, त्यामागचा विचारही हाच.

शेवटच्या दोन-चार किलोमीटरपुरतीच वीज द्यायची, म्हणून ‘काजवा’ आकाराने लहान आहे. हेलिकॉप्टरसारखं उभं उतरतं, कारण धावपट्टी म्हटली तर जळगाव, धुळे, शिरपूर एवढ्याच जागा, आणि धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरात तर सपाट शेतही मुश्कील. त्याची वहनक्षमता चार टन धरली आहे. चार टन लिथियम बॅटरीत साधारण ६०० युनिट बसतात. १० हॉर्सपॉवरचा पंप ताशी साडेसात-आठ युनिट खातो, म्हणजे गावाची पाणीपुरवठा योजना सलग तीन दिवस चालेल; रोज सहाच तास चालवली तर बारा-तेरा दिवस. तेवढ्याच वजनाच्या डिझेलमधून जनरेटर वीसपटीहून जास्त वीज देतो. तरीही पहिल्या फेरीला बॅटरीच येते, कारण ती उतरल्याबरोबर चालू होते आणि प्राथमिक आरोग्य केंद्राच्या दारात धूर होत नाही. जनरेटर आणि डिझेल दुसऱ्या फेरीला.

एक नियम मात्र कथेत कोणीही मोडत नाही. बॅटरी जोडण्याआधी डीपीवरचा (गावच्या ट्रान्सफॉर्मरवरचा) एबी स्विच, म्हणजे वरची लाईन तोडणारा खटका, खोलायचा आणि गावची लाईन बाहेरच्या जाळ्यापासून वेगळी करायची. तसं केलं नाही, तर ही वीज ट्रान्सफॉर्मरमधून उलटी जाऊन ११ हजार व्होल्टच्या तारेवर चढते आणि चार गावं पलीकडे, लाईन बंद आहे या भरवशावर पोलवर चढलेल्या वायरमनचा जीव घेते. यासाठी ‘काजवा’च्या प्रत्येक फेरीत पायलटशेजारची जागा त्या भागातल्या वायरमनची असते. कोणती डीपी कोणत्या फीडरवर, म्हणजे उपकेंद्रातून निघालेल्या कोणत्या मुख्य लाईनवर आहे आणि कोणत्या शेतातून दुसरी लाईन आली आहे, हे त्याला तोंडपाठ असतं. तो चढेपर्यंत विमान सुटत नाही.